चित्रफीत हटते, तक्रार उरते

लोकप्रिय यूट्यूबर, विनोदवीर किंवा वेबमालिकेतील चेहरा यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप झाला की पहिली मागणी असते ती त्याचे कार्यक्रम काढून टाकण्याची. काही वेळा ते काही तासांत काढलेही जातात, तर काही वेळा वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. हा फरक कशामुळे पडतो? आणि कार्यक्रम हटला म्हणजे तक्रारदाराला न्याय मिळाला, असे मानायचे का?

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांना चित्रीकरण नवे नाही. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभा केला आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीला घाटाच्या पायथ्याशी हक्काची जागा मिळाली. 'जोधा अकबर'चे भव्य सेट येथेच उभे राहिले. 'राजा शिवछत्रपती' मालिकेचे चित्रीकरण येथे झाले. 'बिग बॉस'च्या २०११ मधील पाचव्या पर्वाचे घरही कर्जतचेच. देसाई यांचे ऑगस्ट २०२३ मध्ये निधन झाले. परंतु तोवर चित्रीकरणाचे स्वरूपच पालटून गेले होते. मोठ्या स्टुडिओची गरज न भासणारे वेबमालिकांचे, रिअॅलिटी शोचे आणि यूट्यूब वाहिन्यांचे युग सुरू झाले होते. मुंबईहून सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येईल असे फार्महाऊस, चार-दोन कॅमेरे आणि पंधरा-वीस माणसे एवढ्या सामग्रीवर कार्यक्रम तयार होऊ लागले.

समजा, अशाच एखाद्या फार्महाऊसवर एका लोकप्रिय यूट्यूबरच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू आहे. वेशभूषा विभागात रोजंदारीवर मदतीला आलेली खोपोलीची तरुणी रात्री उशिरापर्यंत काम करते आहे. त्या यूट्यूबरचे तिच्याशी वागणे मर्यादा ओलांडते. दोन आठवड्यांनी कार्यक्रम प्रसिद्ध होतो, लाखो लोक तो पाहतात, हसतात, दाद देतात. त्या तरुणीने दाद कोणाकडे मागायची? चित्रफितीखाली 'रिपोर्ट' असे बटण आहे खरे. पण ते दाबून ती सांगणार काय? चित्रफितीत आक्षेपार्ह असे काहीच नाही. जे घडले ते कॅमेरा बंद असताना घडले.

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण त्यातील पेच पूर्णपणे खरा आहे. डिजिटल मनोरंजनाच्या साऱ्या नियमांची रचना पडद्यावर काय दिसते याभोवती झालेली आहे. पडद्यामागे कोण कसे वागते, हा प्रश्न त्या रचनेत फारसा बसतच नाही.

दिसणारा दोष, झटपट उपाय

दोष चित्रफितीतच असतो तेव्हा चक्रे किती वेगाने फिरतात, याची उदाहरणे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूब कार्यक्रमात रणवीर अलाहाबादिया याने केलेल्या अश्लील विधानावरून गदारोळ उठला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे पत्र गेले, केंद्र सरकारचे निर्देश निघाले आणि अवघ्या काही दिवसांत तो भाग यूट्यूबवरून नाहीसा झाला. कार्यक्रमाचा कर्ता समय रैना याने पाठोपाठ सर्वच भाग काढून टाकले. महाराष्ट्र सायबर विभागाने चौकशी सुरू केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी मे महिन्यात 'उल्लू' या अॅपवरील 'हाउस अरेस्ट' या कार्यक्रमाचे तेच झाले. राष्ट्रीय महिला आयोगाने अॅपचे प्रमुख आणि सूत्रसंचालक एजाज खान यांना पाचारण केले, मुंबईत आंबोली पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि कार्यक्रमाचे भाग हटवण्यात आले. जुलै २०२५ मध्ये तर केंद्र सरकारने 'उल्लू'सह २५ अॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले.

त्याआधी जुलै २०२० मध्ये मुंबईतील विनोदकार अग्रिमा जोशुआ हिला चित्रफितीद्वारे बलात्काराची उघड धमकी देणाऱ्या बडोद्यातील एका तरुणाला पोलिसांनी तत्काळ अटक केली. तेथेही पुरावा शोधण्याची गरज नव्हती. आरोपीने तो स्वतःच प्रसिद्ध केला होता.

या तत्परतेमागे कायद्याची एक विशिष्ट मांडणी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार यूट्यूबसारखा मध्यस्थ दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल सहसा दोषी ठरत नाही. मात्र न्यायालयाचा वा सरकारचा आदेश मिळाल्यावरही त्याने तो मजकूर ठेवला, तर हे संरक्षण जाते. २०२१ च्या नियमांतही तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे. तक्रारीची पोच २४ तासांत, निवारण १५ दिवसांत, आणि एखाद्या व्यक्तीची नग्न वा खासगी दृश्ये असतील तर तिच्या तक्रारीवरून २४ तासांत कारवाई, अशा मुदती मूळ नियमांत होत्या. फेब्रुवारी २०२६ मधील दुरुस्तीने कारवाईच्या मुदती आणखी आवळल्या. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या ओटीटी कंपन्यांसाठी याच नियमांत वेगळी आचारसंहिता आहे. तिचाही भर वयोगट, अश्लीलता, हिंसा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा आशयाच्या मुद्द्यांवरच आहे.

थोडक्यात, कायद्याने प्लॅटफॉर्मला मजकुराचा राखणदार केले आहे. माणसाच्या वर्तनाचा पंच त्याला कोणीही नेमलेले नाही. मग आरोप वर्तनाबद्दलचा असतो तेव्हा निर्णय कोण आणि कशाच्या आधारे घेतो?

दोन गट, दोन शेवट

याचे उत्तर मुंबईतीलच दोन प्रकरणांत सापडते. मार्च २०१७ मध्ये 'द व्हायरल फीव्हर' अर्थात टीव्हीएफ या आघाडीच्या वेबमालिका कंपनीचे संस्थापक अरुणाभ कुमार यांच्यावर एका माजी महिला कर्मचाऱ्याने निनावी लेखातून लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला. कंपनीचा पहिला प्रतिसाद होता तो आरोप साफ फेटाळण्याचा आणि कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्याचा. पण त्यानंतर आणखी काही स्त्रिया पुढे आल्या, मुंबईत पोलिसांत गुन्हेही नोंदवले गेले. जून २०१७ मध्ये कुमार मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून दूर झाले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईतील न्यायदंडाधिकारी न्यायालयाने त्यांची एका प्रकरणात निर्दोष मुक्तता केली. तक्रार नोंदवण्यास झालेला विलंब आणि साक्षींतील विसंगती हे मुद्दे त्यात महत्त्वाचे ठरले. या साऱ्या काळात कंपनीचे काम थांबले नाही. 'पंचायत'सारखी तिची मालिका २०२० पासून प्राइम व्हिडिओवर घराघरांत पोहोचली.

ऑक्टोबर २०१८ मधील 'एआयबी' या विनोदवीरांच्या गटाची गत मात्र वेगळी झाली. गटाबरोबर काम केलेल्या एका विनोदकाराने तरुण मुलींना नकोसे, अश्लील संदेश पाठवल्याचे आरोप समाजमाध्यमांवर पुढे आले. गटाचे संस्थापक तन्मय भट यांना अशा तक्रारीची आधीच कल्पना होती आणि तरीही त्या विनोदकाराबरोबर काम सुरू राहिले, हे गटाने निवेदनाद्वारे मान्य केले. हॉटस्टारने (आताचे जिओहॉटस्टार) 'ऑन एअर विथ एआयबी' हा कार्यक्रम अर्ध्यावरच बंद केला. मुंबई चित्रपट महोत्सवाने गटाची निर्मिती असलेला 'चिंटू का बर्थडे' हा चित्रपट यादीतून वगळला. मे २०१९ मध्ये गटाने यूट्यूब वाहिनीचे कामकाज थांबवत असल्याचे आणि कर्मचाऱ्यांना मुक्त केल्याचे जाहीर केले.

ऑक्टोबर २०१८ मध्येच नेटफ्लिक्सपुढेही पेच उभा राहिला होता. 'सेक्रेड गेम्स'ची निर्मिती करणाऱ्या फँटम फिल्म्सचे एक भागीदार विकास बहल यांच्यावरील आरोपांनंतर ती कंपनीच विसर्जित झाली. मालिकेचे लेखक वरुण ग्रोवर यांच्यावरही आरोप झाला. तो त्यांनी ठामपणे नाकारला. नेटफ्लिक्सने आढावा घेतला आणि दुसरे पर्व सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये ते प्रदर्शित झाले.

ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. आरोप सारख्याच गांभीर्याने पारखण्याची कोणतीही समान कसोटी येथे नव्हती. कार्यक्रम अर्धवट आहे की पूर्ण झाला आहे, त्यात किती पैसा गुंतला आहे, जाहिरातदारांना काय वाटेल, संतापाची लाट किती मोठी आहे, अशा व्यावसायिक बाबींना निर्णयात मोठे वजन होते. व्यावसायिक निर्णय घेण्यात गैर काही नाही. पण त्याला न्यायनिवाडा समजण्याची चूक प्रेक्षकांनी करू नये. हॉटस्टारने कार्यक्रम बंद केल्याने कोणी दोषी ठरले नाही, तसेच नेटफ्लिक्सने मालिका पुढे नेल्याने कोणाला निर्दोषत्वाचा दाखलाही मिळाला नाही.

यूट्यूबची पायरी पायरीची शिक्षा

परदेशांत या प्रश्नावर थोडा अधिक विचार झाला आहे. यूट्यूबची नेहमीची शिक्षा 'स्ट्राइक'ची. एका ताकिदीनंतर पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर, दुसऱ्याला दोन आठवडे नवी चित्रफीत टाकता येत नाही, आणि ९० दिवसांत तिसरा स्ट्राइक आला की वाहिनी बंद. ही शिक्षाही मजकुराबद्दलच. २०१७ च्या अखेरीस लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने जपानमधील एका जंगलात आत्महत्या केलेल्या व्यक्तीचे दृश्य दाखवले आणि जगभर संताप उसळला. त्यानंतर यूट्यूबने जाहीर केले की, एखाद्याच्या वर्तनाने प्रेक्षकांचे, इतर निर्मात्यांचे वा साऱ्या समुदायाचे मोठे नुकसान होत असेल, तर स्ट्राइकशिवायही त्याच्या जाहिराती थांबवल्या जातील आणि त्याला विशेष योजनांतून वगळले जाईल. पुढे यूट्यूबबाहेरचे वर्तनही या धोरणाखाली आले. ब्रिटिश विनोदकार रसेल ब्रँड यांच्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले; तरी यूट्यूबने काही दिवसांतच त्यांच्या वाहिनीचे जाहिरात उत्पन्न थांबवले. चित्रफिती मात्र होत्या तेथेच राहिल्या. गायक आर. केली याच्या दोन अधिकृत वाहिन्या यूट्यूबने ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद केल्या, त्या न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवल्यानंतर. तेव्हाही त्याची गाणी यूट्यूब म्युझिकवर ऐकता येत होती.

जाहिरात उत्पन्न थांबवणे ही शिक्षा कितपत जाचक असते? लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा यूट्यूब निर्मात्याला देते. तो बंद झाला की फटका बसतो, यात शंका नाही. परंतु बड्या यूट्यूबरांची कमाई केवळ त्यावर चालत नाही. कंपन्यांच्या थेट जाहिराती, प्रत्यक्ष कार्यक्रमांची तिकिटे, स्वतःची उत्पादने यांचे पैसे यूट्यूबच्या हातून जात नाहीत. म्हणजे हा नळ बंद केला तरी विहीर आटत नाही.

खेळांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विच या कंपनीने एक पाऊल पुढे टाकले. २०२० च्या उन्हाळ्यात तिच्या अनेक लोकप्रिय प्रक्षेपकांवर आरोपांची मालिका सुरू झाल्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये तिने बाहेरच्या गंभीर गैरवर्तनासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि चौकशीसाठी बाहेरील तज्ज्ञ संस्थेची मदत घेण्याचे ठरवले. स्वतःच्याच लोकप्रिय चेहऱ्याची चौकशी स्वतः करण्यातील अडचण ओळखणारा हा निर्णय होता.

तीन दारे, तीन कसोट्या

अमेरिकी अभिनेते केविन स्पेसी यांचे प्रकरण याबाबत सर्वाधिक शिकवून जाते. २०१७ मध्ये आरोप झाल्यावर नेटफ्लिक्सने त्यांना 'हाउस ऑफ कार्ड्स'मधून दूर केले आणि शेवटचे पर्व त्यांच्याविना तयार झाले. निर्माती कंपनी एमआरसीने करारभंगाचा दावा लवादापुढे नेला. कंपनीच्या लैंगिक छळविरोधी धोरणाचा भंग झाल्याचे लवादाने मान्य केले आणि स्पेसी यांनी सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर द्यावेत, असा निवाडा दिला. दुसऱ्या बाजूला, वेगळ्या तक्रारदारांच्या फौजदारी खटल्यात लंडनच्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. वरवर हे परस्परविरोधी वाटते. वास्तविक तसे नाही. तक्रारी वेगळ्या होत्या, आणि प्रत्येक दाराची कसोटीही वेगळी असते. फौजदारी न्यायालय संशयापलीकडचा पुरावा मागते. करारात वर्तनाची अट असेल तर तिचा भंग झाला काय, एवढेच लवाद पाहतो. प्लॅटफॉर्म तर आपले नाव आणि आपला व्यवसाय पाहतो.

आता त्या खोपोलीच्या तरुणीकडे परत येऊ. तिच्यासाठी प्लॅटफॉर्मचे दार जवळपास बंद असले, तरी इतर दोन दारे उघडी आहेत. त्यांची माहिती तिला नसते, ही खरी अडचण आहे.

कायदा फार्महाऊसपर्यंत पोहोचतो

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा केवळ कचेरीपुरता नाही. कामानिमित्त कर्मचारी जेथे जाईल ते प्रत्येक ठिकाण, एवढेच काय, मालकाने पुरवलेले जाण्या-येण्याचे वाहनसुद्धा या कायद्याने 'कामाचे ठिकाण' मानले आहे. म्हणजे उल्हास नदीकाठचे फार्महाऊस हे चित्रीकरण चालू असेपर्यंत कामाचे ठिकाण आहे, आणि मुंबईहून आलेली गाडीही. 'कर्मचारी' या शब्दातही कायम, हंगामी, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, इतकेच नव्हे तर बिनपगारी काम करणारी व्यक्तीदेखील येते. वेशभूषेतील मदतनीस, मेकअप करणारी, ज्युनिअर आर्टिस्ट, स्वयंपाकाला आलेली गावातील बाई या सगळ्यांना हे संरक्षण आहे.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि ती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये चित्रपट निर्मिती संस्थांनाही हे बंधन लागू असल्याचा स्पष्ट निर्वाळा दिला. पण यूट्यूब वाहिन्यांच्या बाबतीत खरी गोम पुढे आहे. अनेकदा कायम कर्मचारी दहाहून कमी असतात, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच मालक असतो. कायद्याने ही शक्यता गृहीत धरली आहे. अशा दोन्ही प्रसंगी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. रायगडचे जिल्हा मुख्यालय अलिबाग. कर्जत वा खोपोलीहून तेथे जायचे म्हणजे दिवस मोडला. म्हणूनच तालुका पातळीवर नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते.

गोवा विद्यापीठातील एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात या यंत्रणेची दुरवस्था उघड झाली. मे २०२३ मध्ये न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुक्यातील नोडल अधिकारी ठरावीक मुदतीत नेमण्याचे आदेश दिले. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर असा आदेश द्यावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

या कायद्यात वेळेला फार महत्त्व आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांची सवलत देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी असे बंधन आहे. चौकशीच्या काळात तक्रारदार महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते. तडजोड झालीच तर ती तिच्या इच्छेने, आणि पैशाच्या बदल्यात मुळीच नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

तक्रारदार प्रेक्षक असेल तर

एआयबी प्रकरणातील बऱ्याच मुली कर्मचारी नव्हत्या. त्या चाहत्या होत्या. कामाचा संबंध नसल्याने त्यांना कोणत्याही समितीकडे जाता येत नाही. त्यांच्यासाठी पोलिसांचे दार आहे. नकोसे लैंगिक प्रस्ताव, इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे पाठवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार, तर नकार देऊनही सतत संपर्क साधत राहणे, पाठलाग करणे हा कलम ७८ नुसार गुन्हा आहे. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागू होतो. घटना कर्जतला घडली आणि तक्रारदार डोंबिवलीला राहत असली, तरी जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तो नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो.

पुराव्याबाबत एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. संतापाची लाट उसळताच आरोपी स्वतःच आपल्या चित्रफिती, संदेश आणि खाती पुसून टाकतो. लोकांना तो विजय वाटतो. पण कित्येकदा पुरावाच त्याबरोबर जातो. २०२१ च्या नियमांनुसार नियमभंगामुळे हटवलेला मजकूर व त्याची नोंद मध्यस्थाने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायची असते. तेव्हा पोलिसांकडे लवकर जाणे अगत्याचे ठरते. संदेशांचे स्क्रीनशॉट तारीख आणि खात्याच्या नावासह ठेवावेत, चित्रफितीचा पत्ता लिहून घ्यावा आणि मूळ फोन जपावा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. नुसती छापील प्रत पुरेशी होत नाही.

आरोप झालेल्याचे काय?

आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हे येथे आवर्जून सांगायला हवे. टीव्हीएफच्या संस्थापकांची न्यायालयाने केलेली मुक्तता हा त्याचाच दाखला. घाईने केलेल्या शिक्षेचा फटका तिसऱ्यांनाच अधिक बसतो. 'चिंटू का बर्थडे'च्या दिग्दर्शकांवर वा कलावंतांवर कसलाही आरोप नव्हता. तरी त्यांचा चित्रपट महोत्सवातून गेला आणि तो २०२० साली झी५ वर येईपर्यंत प्रेक्षकांपासून दूर राहिला. एआयबीत काम करणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, तीही कोणाच्या तरी दुसऱ्याच्या चुकीने.

दुसऱ्या बाजूला बदनामीच्या खटल्याचा बडगा दाखवून तक्रारदाराला गप्प बसवण्याचे प्रकारही होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांना माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्या बदनामी खटल्यातून मुक्त करताना दिल्लीच्या न्यायालयाने म्हटले की, स्त्रीच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन कोणाची कीर्ती राखता येणार नाही, आणि स्त्रीला तिच्या पसंतीच्या कोणत्याही ठिकाणी, कितीही वर्षांनी गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार आहे. मात्र उघडपणे बोलण्याचा अधिकार आणि समितीपुढे दाद मागण्याची मुदत या भिन्न गोष्टी आहेत. समाजमाध्यमावरील एका लेखाने बोलण्याचा हक्क बजावता येतो. तीन महिन्यांची मुदत मात्र त्याने थांबत नाही.

करता येण्याजोगे बरेच आहे

या दोन्ही अन्यायांवर उतारा एकच, तो म्हणजे आधी ठरलेली, सर्वांना ठाऊक असलेली चौकशीची पद्धत. त्यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागत नाही. ओटीटी कंपनी निर्मात्याशी करार करतानाच वर्तनाची अट, स्वतंत्र चौकशीची तरतूद आणि आरोप झाल्यास इतर कलावंत-कामगारांच्या मेहनतान्याची हमी लिहून घेऊ शकते. स्पेसी प्रकरणात निर्मात्याच्या उपयोगी पडली ती अशीच अट. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर कॉल शीट येते. कोणी किती वाजता, कोठे हजर राहायचे, जेवण केव्हा, हे सारे त्यात असते. अंतर्गत समितीच्या सदस्याचे नाव आणि क्रमांक त्यातच एका ओळीत देता येईल. फार्महाऊस भाड्याने देणाऱ्या मालकाला आणि कामगार पुरवणाऱ्या स्थानिक ठेकेदारालाही ही माहिती दर्शनी लावण्यास सांगता येईल. तहसील कचेरीत नोडल अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे असेल आणि ते चित्रीकरणाला माणसे पुरवणाऱ्या गावांत पोहोचवले जाईल, तर अलिबागचे अंतर बरेच कमी होईल.

प्रेक्षकांनीही आपली मागणी थोडी बदलायला हवी. 'कार्यक्रम काढा' ही मागणी सोपी आहे आणि कंपनीलाही ती सोयीची असते. एक बटण दाबले की वाद संपतो. 'चौकशी कोणी केली, तक्रारदाराचे काय झाले, कामगारांचे पैसे मिळाले का' हे प्रश्न कंपनीला अधिक अडचणीचे वाटतात, आणि म्हणूनच ते विचारणे गरजेचे आहे.

पुढच्या आठवड्यातही एखादी गाडी मुंबईहून निघेल, द्रुतगती मार्गाने खालापूरला उतरेल, आणि कोणत्या तरी फार्महाऊसच्या अंगणात दिवे लागतील. तेथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीवर प्रसंग ओढवलाच, तर आपले गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे हे तिला कॅमेरा सुरू होण्याआधीच ठाऊक असले पाहिजे. तेवढी व्यवस्था करणे निर्मात्याच्या, कंपनीच्या आणि तालुक्याच्या प्रशासनाच्या आवाक्यातील आहे.